ग्रुप प्रोजेक्ट कुणाचा? कॉलेजातल्या मुलांना गटात सॉफ्टवेअर बनवायला शिकवताना



आज नेहमीपेक्षा वेगळा विषय घेतेय. आपण पहिली ते पाचवीच्या वर्गांत रमणारी माणसं, आणि विषय आहे कॉलेजातल्या मुलांना गटात सॉफ्टवेअर तयार करायला कसं शिकवावं हा. पण आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं, भाचरं, जुने विद्यार्थी आज कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला किंवा बीसीएला आहेत. आणि खरं सांगू का, वाचत गेले तसा हा विषय मला आपल्या रोजच्या गटकार्याच्या फार जवळचा वाटला.

सुरुवात घरातूनच झाली. माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे राहते. गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या रात्री अडीच वाजेपर्यंत ती एकटी लॅपटॉपसमोर बसलेली. ग्रुप पाच जणांचा. मी विचारलं, "बाकीचे चौघं कुठं आहेत गं?" म्हणाली, "मावशी, प्रत्येकानं आपापलं केलंय. पण एकत्र केलं की चालतच नाही."

मला माझं डी.एड. आठवलं. आमच्या गटाच्या प्रकल्पवहीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच मुलीचं अक्षर होतं, नावं मात्र सात. तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. भाचीच्या प्रोजेक्टमध्ये हसण्यासारखं नव्हतं, कारण त्यात पाचही जणांना सारखेच मार्क मिळाले आणि पाचही जण काहीतरी चुकीचं शिकून बाहेर पडले. एकीला वाटलं की आपण एकटंच करावं, ते बरं. चौघांना वाटलं की कुणीतरी करतंच.

काम वाटलं, पण कशावरून वाटलं?

त्यांचा प्रोजेक्ट होता कॉलेजच्या लायब्ररीचा. हा या क्षेत्रातला अगदी पाठ झालेला विषय आहे, आपल्याकडच्या 'माझा आवडता ऋतू' निबंधासारखा. कामाची वाटणी त्यांनी अशी केली : एकाने लॉगिन, एकाने पुस्तक देण्याचं पान, एकीने पुस्तक परत घेण्याचं पान, भाचीने दंडाचा हिशोब, आणि पाचव्याने रिपोर्ट आणि पीपीटी. वरवर पाहता छानच वाटणी. आपणही अशीच करतो की, तू चित्र काढ, तू माहिती लिही, तू सजावट कर.

मग सरांनी मध्येच एक बदल सांगितला. विद्यार्थ्यांना पुस्तक १४ दिवस मिळतं, पण शिक्षकांना ३० दिवस मिळायला हवं. शिवाय सुट्टीच्या दिवसांचा दंड धरायचा नाही. सांगायला दोन ओळींचा बदल. पण 'चौदा' हा आकडा तिघांच्या कोडमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी लिहून ठेवलेला होता! पुस्तक देणाऱ्याने आपल्याकडे ३० केला. दंडाच्या हिशोबात तो चौदाच राहिला. झालं असं की शिक्षकाला पावती मिळायची ३० दिवसांची आणि पंधराव्या दिवसापासून दंड सुरू. त्यातच एकाने तारीख आधी दिवस मग महिना अशी लिहिलेली, दुसऱ्याने आधी महिना मग दिवस. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे ज्याचं त्याला ठाऊक. अडीच वाजेपर्यंत पोरगी हेच निस्तरत होती.

मुलांच्या मते सरांनी छळलं. मला मात्र वाटतं की त्या सेमिस्टरमधलं सगळ्यात चांगलं शिकवणं तेच होतं. फक्त ते सबमिशनच्या आठवडाभर आधी नको होतं, महिनाभर आधी हवं होतं. कारण सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या आयुष्यात मागणी बदलणारच. बदल आल्यावर किती जागी हात लावावा लागला, त्यावरून रचना चांगली की वाईट ते कळतं. हा धडा पुस्तकातून मिळत नाही, एकदा भाजावंच लागतं. पण भाजल्यानंतर सुधारायला वेळ उरायला हवा ना!

ही अडचण जुनी आहे. डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ साली यावर एक लेख लिहिला, तो आजही शिकवला जातो. त्याने शब्दसूची बनवणारा एक छोटासा प्रोग्रॅम घेतला आणि तो दोन पद्धतींनी तोडून दाखवला. पहिली पद्धत पायऱ्यांची : आधी वाचा, मग शब्द फिरवा, मग क्रम लावा, मग छापा. दुसरी पद्धत वेगळी. उद्या कोणती गोष्ट बदलू शकेल ते आधी ओळखायचं, आणि ती प्रत्येक गोष्ट एकेका भागाच्या पोटात लपवायची, म्हणजे बाकीच्यांना त्याची खबरच नको. पहिल्या पद्धतीत माहिती साठवण्याची रीत बदलली की सगळेच भाग उघडावे लागतात. दुसऱ्या पद्धतीत एकच. आणि त्याने एक गोष्ट स्पष्ट केली, ती मला फार पटली. प्रोग्रॅमचा भाग म्हणजे नुसता कोडचा तुकडा नाही, ती कुणावर तरी सोपवलेली जबाबदारी आहे.

म्हणजे बघा, रचना कशी करायची आणि गटात काम कसं वाटायचं हे दोन प्रश्न वाटतात, पण प्रश्न एकच आहे. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात मात्र एक सर ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइन शिकवतात, तासाला व्याख्या लिहून देतात, आणि गटाने काम कसं करायचं हे कुणीच शिकवत नाही. ते मुलांना आपोआप येईल असं धरलेलं असतं.

ऑब्जेक्ट म्हणजे काय, आपल्या भाषेत

क्लास म्हणजे कोरा नमुना. छापून आलेलं कोरं प्रगतिपुस्तक डोळ्यांसमोर आणा. नाव, हजेरी, नोंदी यांच्या जागा ठरलेल्या आहेत, पण अजून मूल कोणतंच नाही. तेच भरलं की प्रत्येक मुलाचं वेगळं होतं, तो झाला ऑब्जेक्ट. फरक एवढाच की प्रगतिपुस्तक मुकं असतं. ऑब्जेक्टला प्रश्न विचारता येतो. "तुझी हजेरी किती टक्के?" असं विचारलं की तो स्वतःजवळच्या माहितीवरून हिशोब करून उत्तर देतो. आपण हजेरीपत्रक उघडून बेरीज करत बसायचं नाही. त्याच्या पोटातल्या माहितीला दुसऱ्याने परस्पर हात लावायचा नाही, जे हवं ते त्याला विचारायचं.

ही कल्पना पहिल्यांदा नॉर्वेत, ओस्लोमध्ये आकाराला आली. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड या दोघांनी १९६० च्या दशकात सिम्युला नावाची भाषा केली. पुढे अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात ॲलन के, ॲडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक भाषा घडवली. आपल्यासाठी गमतीची गोष्ट अशी की ॲलन के यांच्या डोक्यात संगणक होता तो मुलांसाठीचा. १९७२ साली त्यांनी मुलांच्या संगणकावर लेखही लिहिला होता, आणि स्मॉलटॉक शाळेतल्या मुलांना शिकवून पाहिली गेली. आज जे इंजिनिअरिंगच्या मुलांना अवघड जातं, ते घडवणाऱ्यांच्या नजरेसमोर आपल्या वर्गातल्यांसारखी पोरं होती!

मग १९८९ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी शिकवण्याची एक साधी युक्ती मांडली. (कनिंगहॅम म्हणजे तेच, ज्यांनी पुढे पहिलं विकी बनवलं.) युक्तीत संगणक नाहीच. पोस्टकार्डापेक्षा फार मोठी नाहीत अशी कोरी कार्डं घ्यायची. वर क्लासचं नाव. डावीकडे त्याच्या जबाबदाऱ्या. उजवीकडे, ते काम करताना त्याला कुणाची मदत लागते त्यांची नावं. झालं. यांना सीआरसी कार्डं म्हणतात. कार्ड मुद्दाम लहान ठेवायचं. जबाबदाऱ्या मावेनाशा झाल्या की समजायचं, या एकावर फार भार टाकलाय.

त्यांच्या लक्षात आलं की माणसाने कार्ड हातात उचललं की तो त्या वस्तूच्या जागी जाऊन विचार करू लागतो. हे वाचताना मला हसू आलं. शब्दपट्टी हातात घेऊन "मी क्रियापद, माझ्याशिवाय वाक्य पुरं होत नाही" म्हणणारी आपली तिसरीतली मुलं काय वेगळं करतात?

आमच्या घरचा रविवार

नवं सेमिस्टर सुरू झाल्यावर भाचीने ग्रुपला घरी बोलावलं. मी शाळेसाठी कापून ठेवलेल्या शब्दपट्ट्यांचा गठ्ठा दिला आणि चहा ठेवला. माझं कोडचं ज्ञान शून्य, पण खेळ घ्यायला येतो. लायब्ररीचाच प्रोजेक्ट पुन्हा कार्डांवर करायला सांगितला.

पहिल्या फेरीत त्यांनी 'लायब्ररी' असं एक कार्ड केलं आणि सगळी कामं त्याच्यावरच लिहिली. पुस्तक शोधणार लायब्ररी, तारीख काढणार लायब्ररी, दंड घेणार लायब्ररी. भाची म्हणाली, याला गॉड क्लास म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे याला एकशिक्षकी शाळा म्हणतात. हजेरी तोच घेणार, पोषण आहाराचा हिशोब तोच लिहिणार, ऑनलाइन माहिती तोच भरणार, आणि तो एक दिवस आजारी पडला की शाळेला कुलूप.

दुसऱ्या फेरीत 'पुस्तक' आलं. इथे भांडण. 'श्यामची आई' लायब्ररीत पाच आहेत, तर पुस्तक एक की पाच? एक जण म्हणे एक, कारण नाव आणि लेखक एकच. दुसरी म्हणे पाच, कारण चार बाहेर गेली तरी एक कपाटात असतं. अर्ध्या तासाने त्यांचं त्यांनाच सुचलं की कार्डं दोन हवीत : 'पुस्तक' आणि 'प्रत'. लेखकाचं नाव पुस्तकाला विचारायचं. कपाटात आहेस का, हे प्रतीला विचारायचं. मी मध्ये बोलले नाही, बोलायची फार इच्छा होत होती तरी.

हळूहळू आणखी कार्डं आली. 'सभासद', 'देवघेव', 'नियम', 'सुट्ट्या'. मग एकेकाने कार्ड हातात धरून उभं राहायचं आणि एक प्रसंग खेळायचा : एक शिक्षक पुस्तक न्यायला आले. प्रतीला विचारलं, आहेस का? आहे. मग देवघेव उभी राहिली. तिने नियमाला विचारलं, या सभासदाला किती दिवस? तीस. मग सुट्ट्यांना विचारलं, मधली कोणती तारीख सोडू? कोण कुणाला काय विचारतं ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं. आता सरांनी चौदाचे वीस केले तरी फक्त 'नियम' हे एक कार्ड बदलणार.

'नियम' कार्ड पाचव्याच्या हातात होतं, तोच तो रिपोर्ट आणि पीपीटीवाला. नांदेडकडच्या एका खेड्यातला मुलगा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. गेलं सेमिस्टरभर ग्रुपमध्ये तो फारसा बोलला नव्हता, आणि बाकीच्यांनी त्याला कामचुकार ठरवून टाकलं होतं. तो कार्ड धरून म्हणाला, "मी नियम. मला फक्त किती दिवस ते विचारा. तारीख मला विचारायची नाही, ते माझं काम नाही." आणि मग थोडा थांबून, "पण एक शंका आहे. पुस्तक दिलं तेव्हा नियम चौदा दिवसांचा होता आणि परत यायच्या आधी दहाचा झाला, तर दंड कोणत्या नियमाने?"

सगळे गप्प. भाचीने दंडाचा हिशोब रात्र जागून लिहिला होता, तिलाही हे सुचलं नव्हतं. शेवटी ठरलं की पुस्तक देतानाच परतीची तारीख काढून 'देवघेव' कार्डाने ती स्वतःजवळ लिहून ठेवायची. नंतर नियम काहीही होवो. ती ओळ त्याने स्वतः पेन्सिलीने कार्डावर लिहिली.

त्या मुलाला काम नको होतं असं नव्हतंच. पानांप्रमाणे वाटणी केली तेव्हा ज्यांना येत होतं त्यांनी कोडची पानं घेतली, आणि जो गप्प होता त्याच्या वाट्याला उरलेलं आलं. पुष्कळ गटांत हे उरलेलं काम मुलींकडे जातं, "तुझं अक्षर चांगलं आहे, तू रिपोर्ट कर." फुकटचे मार्क घेणारे असतात, नाही असं नाही. पण त्यातले किती जण खरंच आळशी आणि किती जण दाराबाहेर राहिलेले, हे न बघता शेरा मारू नये. आपल्याही वर्गात गटप्रमुख नेहमी तोच असतो की नाही, आठवून पाहा.

गट केवढा असावा?

इथे साधं गणित आहे. तिघांच्या गटात आपसातल्या जोड्या ३. पाच जणांत १०. दहा जणांत ४५. प्रत्येक जोडीला एकमेकांशी बोलून जुळवून घ्यावं लागलं, तर माणसं दुप्पट केल्यावर बोलणं चौपटीहून जास्त होतं. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएम कंपनीत एका प्रचंड ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामाचं नेतृत्व केलं होतं. त्या अनुभवावर त्यांचं 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक १९७५ साली आलं. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात आणखी माणसं घातली तर उशीर वाढतो, असं त्यांचं म्हणणं. ज्वारीच्या काढणीला दहा माणसं जास्त लावली तर शेत लवकर मोकळं होतं. पण अर्धवट झालेल्या कोडमध्ये नवा माणूस आला की जुन्याला आपलं काम थांबवून त्याला सगळं समजावत बसावं लागतं. म्हणून तीन ते पाच जणांचा गट बरा. कार्डांचा फायदा इथेही होतो, कारण प्रत्येकाने प्रत्येकाशी सगळं बोलावं लागत नाही. ज्याच्या कार्डावर तुमचं नाव आहे, त्याच्याशी बोलायचं. काय विचारायचं आणि उत्तर कोणत्या रूपात मिळणार हे मात्र आधी लिहून ठरवायचं, तारखेची पद्धतसुद्धा.

आणि मार्कांचं काय?

पालकांचा खरा प्रश्न हाच असतो. कोडसाठी आज बहुतेक ठिकाणी गिट वापरतात. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केलं. कुणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद त्यात राहते, आणि दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर जोडताना ते अडवून विचारतं. मुलं त्याला कटकट म्हणतात. मला वाटतं ते भांडण शेवटच्या रात्रीऐवजी आजच दाखवून देतं.

काही ठिकाणी या नोंदी मोजून मार्क देतात. ते मला पटत नाही. दोन दिवस विचार करून दहा ओळी लिहिणारा आणि दिवसभर स्पेलिंग सुधारत वीस नोंदी करणारा यांची तुलना मोजून कशी होणार? शिवाय एकाच्या लॅपटॉपवर दोघं बसली असतील तर नोंद एकाच्याच नावावर. आपण सातत्यपूर्ण मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी ठेवतो तसं काहीतरी तिथेही लागतं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या : मी काय केलं, कुणाची मदत झाली, कुठे अडलो. आणि व्हायवात प्रत्येकाला स्वतःच्या नव्हे तर शेजाऱ्याच्या कार्डावर प्रश्न विचारायचा. शेजाऱ्याचा कोड वाचला नसेल तर तिथेच कळतं. हे करायला शिक्षकाला वेळ लागतो, साठ-सत्तर मुलांच्या वर्गात फारच लागतो, हे मला मान्य आहे.

पालकांसाठी एक स्पष्ट सांगते. शेवटच्या वर्षी पैसे देऊन तयार प्रोजेक्ट मिळतात, हे आता गुपित राहिलेलं नाही. मुलगा म्हणाला की सगळेच घेतात, तर पैसे देण्यापूर्वी त्याला कागदावर एवढंच काढायला सांगा : यात कोणकोणते भाग आहेत आणि कोणता भाग कुणाला काय विचारतो. आपल्याला कोड कळत नसला तरी तो चाचरतोय की सांगतोय, हे आपल्याला नक्की कळतं. रोज तेच तर करतो आपण!

भाचीच्या ग्रुपचा यंदाचा प्रोजेक्ट हॉस्टेलच्या मेसचा आहे. कार्डं माझ्या फ्रिजवर चुंबकाने लावलेली आहेत, एकावर भाजीचा डाग पडलाय. रिपोर्ट कुणी लिहायचा यावर परवापर्यंत वाद चालू होता. आता ज्याचं कार्ड त्याने त्याचं पान लिहायचं असं ठरलंय, आणि पीपीटीला अजून कुणीच तयार नाही.